नेरूळचा उपांत्य सामना

दिवाळे गावच्या जेट्टीवर संध्याकाळी जमणाऱ्या तरुण मंडळींत एक वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि तो मिटावा अशी त्यांपैकी कोणाची इच्छा असल्याचे दिसत नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा एक उपांत्य सामना झाला. त्यात स्पेनने मालीचा तीन विरुद्ध एक असा पराभव केला. मालीचा धडधडीत झालेला गोल पंचांनी दिला नाही म्हणून माली हरला, तो दिला असता तर निकाल निराळा लागता, असे या मंडळींचे म्हणणे. त्यांतल्या एका विनोदी गृहस्थाने तर ‘मालीचे दिवाळे दिवाळ्याच्या वेशीवर निघाले’ असा श्लेषही करून ठेवला आहे. गावाच्या नावावरील कोट्या दिवाळेकरांना लहानपणापासून ऐकाव्या लागतात. ही निदान त्यांची स्वतःची आहे.

आम्ही त्या रात्री मैदानावर होतो. आमची सहानुभूती पहिल्या क्षणापासून मालीकडे होती व ती आजही आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण टीकाकाराने आपला पक्षपात लपवून निःपक्षपातीपणाचा आव आणण्यापेक्षा तो उघड करून मग न्यायास बसावे, हेच अधिक प्रामाणिक होय. तो चेंडू गोलरेषेच्या आत पडला याविषयीही आम्हांस तिळमात्र शंका नाही. इतके असूनही माली हरला तो त्या एका चेंडूमुळे, हा सिद्धांत आम्हांस मान्य करवत नाही. ज्या संघावर आपण जीव लावला त्याच्या पराभवाचे खरे कारण शोधण्याचे टाळणे, ही त्या प्रेमातलीच एक उणीव आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात चेंडूच्या खेळाची चर्चा कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर देत बसण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही; नाटकाची चर्चा जेथे चालते तेथे नव्वद मिनिटांच्या या नाटकाची का चालू नये, एवढेच विचारून पुढे जातो. दुसरा आक्षेप मात्र अधिक विचारार्ह आहे. ही सतरा वर्षांखालील मुले. त्यांच्या खेळावर प्रौढांच्या कसोट्या लावणे हे निर्दयपणाचे नव्हे काय? वर्गात तीस वर्षे या वयाच्या आसपासच्या मुलांचे निबंध तपासल्यावर आमचे मत असे झाले आहे की, ‘मूल आहे, चालायचेच’ या शेऱ्याइतका अपमान त्यांना दुसऱ्या कशानेही वाटत नाही. तांबड्या शाईने खरडलेली वही मुलगा जपून ठेवतो. नुसती सही केलेली वही तो रद्दीत टाकतो.

मालीवर नवी मुंबईचा लोभ का जडला, हे आधी सांगितले पाहिजे. स्पर्धा आपल्या देशात होती आणि यजमान या नात्याने आपला संघ तीत होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात असल्यामुळे मराठी घरांतूनही त्याच्याकडे विशेष लक्ष होते. परंतु दिल्लीला झालेले तिन्ही सामने आपण हरलो. अमेरिकेकडून तीन, कोलंबियाकडून दोन, घानाकडून चार गोल आपण घेतले, आणि परत केला तो एक. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने मारलेला. बाद फेरी सुरू होण्यापूर्वीच आपले लोक प्रेक्षक म्हणून मोकळे झाले होते, आणि मोकळ्या प्रेक्षकाला कोणीतरी आपले म्हणण्याजोगे लागते. माली नेमका आमच्या दाराशी आला होता. ६ ऑक्टोबरला याच मैदानावर पॅराग्वेने सतराव्या मिनिटापर्यंत त्यांच्यावर दोन गोल चढवले. तेव्हा हाजी द्रामे आणि लासाना न्दियाये या दोघांनी पुढल्या सतरा मिनिटांत ते दोन्ही फेडून टाकले. उत्तरार्धात पेनल्टीवर पॅराग्वेने तो सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला खरा. पण घरी परतणाऱ्या लोकांच्या तोंडी नाव होते ते हरलेल्यांचे. तीनच दिवसांनी, ९ तारखेस, तुर्कस्तानवर तीन गोल करून मालीने त्या प्रेमाची परतफेड केली. पुढे न्यूझीलंड, इराक आणि भर पावसात गुवाहाटीला घाना, असे एकामागून एक प्रतिस्पर्धी मागे टाकीत तो संघ पुनः नेरूळला आला, तेव्हा माहेरी आलेल्या मुलीसारखे त्याचे स्वागत झाले तर नवल नाही.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. कोळीवाड्यातले आकाशकंदील अजून उतरले नव्हते. गावातली पाचसात मुले आणि आम्ही बेलापूर स्थानकावर गाडी धरून नेरूळला उतरलो. मुलांची खात्री होती की, माली जिंकणार. तिचा आधारही अगदीच लंगडा नव्हता. माली हा आफ्रिका खंडाचा विजेता संघ होता, आणि दोन वर्षांपूर्वी, २०१५ साली, चिलीमध्ये झालेल्या याच स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत जाऊन त्यांच्या वडील भावंडांनी नायजेरियाकडून हार खाल्ली होती. उलट स्पेनने पहिलाच सामना ब्राझीलकडून गमावला होता, आणि त्यानंतर तो सावरला असला तरी अजिंक्य म्हणावा असा कोणालाच वाटत नव्हता.

पूर्वार्धाचे वर्णन थोडक्यात आटोपता येईल. एकोणिसाव्या मिनिटास स्पेनला पेनल्टी मिळाली, आणि कर्णधार आबेल रुईझ याने ती शांतपणे गोलात घातली. मालीच्या मुलांनी धावपळ खूप केली. मध्यंतरास दोन मिनिटे उरली असता पुढे सरकवलेल्या एका पासवर त्याच रुईझने दुसरा गोल केला. या दुसऱ्या गोलाची वेळ फार वाईट. चाळिसाव्या मिनिटानंतर थकलेल्या मुलांचे लक्ष शिट्टीकडे लागलेले असते. जाणता संघ तेव्हाच पाय उचलतो. आमच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘पॅराग्वेच्या वेळीही दोनच होते.’ त्या वाक्यावर आमच्या संपूर्ण रांगेने मध्यंतराची पंधरा मिनिटे काढली.

उत्तरार्ध मालीचा होता, हे स्पेनचा कट्टर अभिमानीही नाकारणार नाही. चेंडू स्पेनच्या अर्ध्या मैदानातून बाहेर पडेना. एकसष्टाव्या मिनिटाच्या सुमारास शेक दुकुरे याने दुरून असा एक फटका मारला की, चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगास आदळून सरळ खाली आला, रेषेच्या आत पडला आणि उसळून बाहेर गेला. मालीचे गडी हात वर करून धावले. लोक उभे राहिले. शिट्टी वाजली नाही, आणि खेळ पुढे चालू राहिला. जे घडले ते आमच्या बाकावरून नीट दिसले असे आम्ही म्हणणार नाही. तेवढ्या अंतरावरून, निमिषमात्रात, ते कोणालाच दिसण्यासारखे नव्हते. मात्र परतीच्या गाडीत एका मुलाच्या मोबाइलवर तो प्रसंग आम्ही सहासात वेळा पाहिला, आणि त्या काचेच्या तुकड्यावरही चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवळ स्पष्ट दिसत होती. पंच मैदानाच्या मध्यभागी दूर असणार, सहायक पंचाचे डोळे ऑफसाइडच्या रेषेवर असणार. त्यांनी जाणूनबुजून अन्याय केला असे आम्ही म्हणणार नाही. जे दिसले नाही ते त्यांनी दिले नाही. पण अन्याय करणाऱ्याच्या मनात नसला म्हणून सोसणाऱ्याचा तो कमी होत नाही.

दहा मिनिटांनी बाजूने आलेल्या चेंडूवर फेरान तोरेसने डोक्याने स्पेनचा तिसरा गोल केला. त्यानंतर तीनच मिनिटांनी न्दियायेने मालीचा एकुलता गोल केला. पुढचा पाव तास आशेचा होता असे कोणी म्हणत असेल तर तो त्याचा दिलदारपणा.

आता दिवाळेकरांच्या सिद्धांताकडे वळू. एकसष्टाव्या मिनिटास दोन विरुद्ध एक असा फलक लागता, खेळाचा अर्धा तास शिल्लक राहता, आणि पस्तीस हजारांच्या आसपास लोक एका आवाजात ओरडते. अशा वेळी स्पेनच्या मुलांचे पाय लटपटलेच नसते असे कोण सांगेल? इथपर्यंत आम्ही दिवाळेकरांच्या बरोबर आहोत. पण फटका दुरून मारलेला होता, या तपशिलाकडे त्यांनी लक्ष दिलेले नाही, आणि आमच्या मते सामन्याचे मर्म तेथेच आहे. त्या रात्री मालीने गोलाकडे फटके कमी मारले नाहीत. स्पेनपेक्षा अधिकच मारले. त्यांतले फार मोठ्या संख्येने पेनल्टीच्या चौकोनाबाहेरून मारलेले होते. समोर बचाव करणाऱ्यांची भिंत उभी आहे, दोन्ही बगलांना जागा मोकळी आहे, सोबती धावत पुढे येतो आहे, आणि चेंडू असलेला गडी मान वर करून त्याच्याकडे पाहण्याऐवजी पाय मागे घेतो व फटका मारतो. चेंडू दांड्यावरून जातो, खांबाला घासून जातो, किंवा गोलरक्षक आल्वारो फर्नांडेझच्या हातात जातो. लोक टाळ्या वाजवतात. पुनः तेच. टाळ्यांनी त्या मुलांचे नुकसान केले, असे आम्हांस आता वाटते. आणि त्या टाळ्यांत आमच्याही होत्या.

त्या रात्री आमच्या रांगेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मालीच्या मुलांना अभिमन्यूची उपमा दिली. कोवळ्या वयाचा शूर हरला की आपल्याकडे ही उपमा आपोआप तोंडात येते. आम्हांला ती अगदी उलटी वाटते. अभिमन्यूला व्यूहात शिरण्याची विद्या येत होती, बाहेर पडण्याची येत नव्हती. मालीचे मुलगे व्यूहात शिरलेच नाहीत. ते बाहेर उभे राहून बाण मारीत राहिले. बाण सुंदर होते, यात वाद नाही. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले आहे. अलंकार कितीही मोलाचा असला तरी तो जागच्या जागी नसेल तर हास्यास्पद होतो, कमरपट्टा गळ्यात घातल्यासारखा. तीस यार्डांवरून मारलेला जोरकस फटका हा फुटबॉलमधला असाच एक मोलाचा अलंकार आहे. नव्वद मिनिटांत एकदोनदा तो शोभतो. प्रत्येक चढाईच्या शेवटी तोच आला तर ते काव्य राहत नाही.

हा आमचा तर्कच केवळ नव्हे; तीनच दिवसांत त्याची परीक्षाही झाली. २८ ऑक्टोबरला कोलकात्यास अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी इंग्लंड होता, आणि तेथेही स्पेनने सर्जिओ गोमेझच्या दोन गोलांनी दोन विरुद्ध शून्य अशी आघाडी घेतली. म्हणजे नेरूळच्या मध्यंतराला माली जेथे होता तेथेच कोलकात्यात काही काळ इंग्लंड होता. इंग्लंडने काय केले? मध्यंतराच्या आधी एका बगलेतून आत आलेला चेंडू ब्रूस्टरने डोक्याने गोलात घातला. उत्तरार्धात गिब्ज-व्हाइटने बरोबरी केली, आणि नंतर फोडेनने आघाडी घेतली. दोन्ही वेळा चेंडू बाजूनेच आत आला. पुढे आणखी दोन गोल झाले आणि स्पेन पाच विरुद्ध दोन असा हरला. मालीइतके धावणारे व मालीइतके अंगाने सशक्त गडी इंग्लंडकडे होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्याकडे धीर होता. भिंतीला वळसा घालून मागल्या दाराने आत जावे, आणि दोन पावलांवरून चेंडू नुसता ढकलावा, एवढे त्यांना सुचले. स्पेनचा तो व्यूह भेदता येण्याजोगा होता हे कोलकात्याने सिद्ध केले. मग नेरूळला तो का भेदला नाही, याचे उत्तर पंचांच्या शिट्टीत सापडणार नाही.

मालीचे शिक्षक योनास कोम्ला यांना दोष द्यावा काय? थोडासा द्यावा. मध्यंतरात एवढे एकच सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते. की सांगितले आणि मुलांनी ऐकले नाही, हे आम्ही कसे सांगणार! वर्गातला आमचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडेच झुकतो. स्पेनचेही श्रेय त्यांच्या पदरात घातले पाहिजे. उत्तरार्धात इतका मारा सोसूनही त्यांच्या बचावाची रांग मोडली नाही, मुलांनी आपसात आरडाओरडा केला नाही, आणि मिळालेल्या थोड्या संधींपैकी एकीवर तिसरा गोल करून त्यांनी प्रश्नच मिटवून टाकला. हे पाहून आमचे मन त्यांच्याकडे वळले असे नव्हे. पण ते विजयास अपात्र होते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल.

इतके सांगितल्यावर त्या न दिलेल्या गोलाबद्दलची आमची खरी तक्रार मांडतो. ती पंचांविरुद्ध नाही. स्पर्धा भरविणाऱ्यांविरुद्ध आहे. चेंडूने रेषा ओलांडली की नाही हे यंत्राने ठरविण्याची सोय २०१४ साली ब्राझीलमधल्या प्रौढांच्या विश्वचषकात होती. २०१७ साली, म्हणजे त्याच वर्षी, दक्षिण कोरियात वीस वर्षांखालील मुलांची स्पर्धा झाली, आणि तेथे चित्रफीत पाहून पंचांना साहाय्य करणारा स्वतंत्र पंचही बसविला होता. अवघ्या काही महिन्यांनी भारतात आलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. ती सोय त्यांच्या स्पर्धेत आली २०१९ साली, पुनः ब्राझीलमध्येच. खर्च वाचविण्यासाठी असे झाले असेल, किंवा नव्या व्यवस्थेची अजून खात्री पटली नसेल. परंतु ज्या स्पर्धेला भारतात तेरा लाखांवर प्रेक्षक आले, आणि या वयाच्या स्पर्धांतला गर्दीचा उच्चांक जिने मोडला, तिच्या उपांत्य सामन्यात एक चेंडू आत पडला की बाहेर, हे कोणालाही नक्की सांगता येऊ नये, हे शोभत नाही. खेळाडू जितका लहान तितकी न्यायाची तजवीज थोडी, असा हा हिशेब दिसतो. वास्तविक तो उलटा असावयास हवा. मोठ्यांना पुढल्या वर्षी दुसरी स्पर्धा असते, सतरा वर्षांखालच्या मुलाला सतरा वर्षे एकदाच पुरी होतात.

दिवाळेकरांच्या सिद्धांताला आम्ही एवढा विरोध का करतो, याला घरचेही एक कारण आहे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी मलेशियात पेटालिंग जया येथे आपल्या सोळा वर्षांखालील मुलांचा आशियाई स्पर्धेतील उपांत्यपूर्व सामना दक्षिण कोरियाशी झाला. तो जिंकते तर ती मुले पुढल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस स्वतःच्या बळावर पात्र ठरती. यजमान म्हणून मिळालेल्या मानाची गरज न पडता. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस त्यांचे शिक्षक होते. गटातल्या तीन सामन्यांत त्या मुलांनी एकही गोल घेतला नव्हता. गोलरक्षक नीरज कुमारने इराणची पेनल्टीही अडविली होती. कोरियाविरुद्धही तो तासाहून अधिक वेळ भिंतीसारखा उभा राहिला. सदुसष्टाव्या मिनिटास एक गोल झाला आणि सर्व संपले. आम्ही तो सामना घरी पाहिला, आणि शेवटली वीस मिनिटे बसून पाहू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, ‘एका गोलाने हुकले.’ ते खरेच. पण चार सामन्यांत मिळून आपण एकच गोल केला होता आणि तोही पेनल्टीवर, ही गोष्ट त्या हळहळीत कोणी उच्चारली नाही. एका गोलाने हुकलो असे म्हटले की, सर्व दोष त्या एका गोलावर जातो, आणि न केलेल्या गोलांचा हिशेब कोणी मागत नाही. नेरूळच्या आडव्या दांड्याला आम्ही मालीच्या वतीने जसे चिकटून बसलो, तसेच पेटालिंग जयाच्या त्या सदुसष्टाव्या मिनिटाला स्वतःच्या वतीने चिकटून बसलो आहोत.

मालीची गोष्ट नेरूळला संपली नव्हती. तिसऱ्या क्रमांकासाठी कोलकात्यास ते ब्राझीलशी खेळले आणि दोन विरुद्ध शून्य असे हरले. त्यातला पहिला गोल आम्ही विसरू म्हणता विसरत नाही. ब्राझीलच्या आलनने मारलेला एक अगदी साधा, जोर नसलेला चेंडू मालीच्या गोलरक्षकाच्या हातून निसटून मागे गेला. त्यात पंचाचा संबंध नव्हता, दांड्याचा नव्हता. दिवाळ्याच्या वादात या गोलाचा उल्लेख आम्ही कधी ऐकला नाही. शेक दुकुरे पुढे फ्रान्सात लांस संघाकडून आणि नंतर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसकडून खेळला. तोरेस मँचेस्टर सिटीमार्गे बार्सेलोनाला गेला.

पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, याच नेरूळच्या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर पुनः स्पेन. प्रतिस्पर्धी या खेपेस कोलंबिया. चित्रफितीचा पंच आता होता. जेट्टीवरची तीच मंडळी, आता नोकरीधंद्याला लागलेली, आमच्या बरोबर आली होती, आणि अर्थातच कोलंबियाच्या बाजूने ओरडत होती. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नाही. मग कोलंबियाच्या एका मुलीच्या पायाला लागून चेंडू तिच्याच गोलात गेला, आणि स्पेन एक विरुद्ध शून्य असा जिंकला. परतताना गाडीत आमच्या सोबत्यांनी मोबाइल काढले, तो गोल तीनचार वेळा मागेपुढे करून पाहिला, आणि मग बेलापूर येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.